खळगा किती वेळ राहतो : पायांवरच्या सुजेच्या अभ्यासाची प्रस्तावना

नडगीच्या हाडावर अंगठा काही क्षण दाबून धरावा आणि उचलावा. खळगा पडला आणि रेंगाळला, तर कातडीखाली पाणी साठले आहे. सुजेची तपासणी इथून सुरू होते. तिला यंत्र लागत नाही. म्हणूनच या विषयात मी वैद्यकाच्या विद्यार्थ्याइतकेच आशाताईंचे आणि आईची चप्पल संध्याकाळी घट्ट होते हे लक्षात आलेल्या मुलीचेही स्वागत करतो.

विषय जुना आहे. चरकसंहितेने शोथाचे निज आणि आगंतू, म्हणजे आतून उद्भवलेला आणि बाहेरून आलेला, असे भेद केले. सुश्रुतसंहितेत श्लीपदाचे, म्हणजे हत्तीरोगाचे, वर्णन आहे. १८२७ मध्ये रिचर्ड ब्राइट यांनी सूज, लघवीतील प्रथिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांचा संबंध दाखवला. १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टारलिंग यांनी त्यामागचा हिशेब मांडला : केशवाहिन्यांतला दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिने ते धरून ठेवतात. जे बाहेर झिरपते ते लसीकावाहिन्या रक्तात परत नेतात. दाब वाढला, प्रथिने घटली, वाहिनीची भिंत झिरपू लागली किंवा परतीची वाट तुंबली, की पाय सुजतो. पुढचे सारे या चार वाक्यांशांचा विस्तार आहे.

पायच का? कारण तो हृदयापासून सर्वांत खाली आहे. स्थिर उभे असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत चढतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि तो ३०च्या आसपास उतरतो. दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेचे किंवा वाहतूक पोलिसाचे पाय संध्याकाळी का भरून येतात, ते यावरून कळते.

म्हणून पहिला प्रश्न : सूज एका पायाला की दोन्ही? दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्तातली प्रथिने यांची चौकशी करावी. रक्तदाबासाठी घेतलेल्या अम्लोडिपिनसारख्या गोळीनेही पाय सुजतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. असा पाय तेल लावून चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सुजेबरोबर धाप लागत असेल, किंवा गरोदरपणी डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तरीही थांबू नये.

उपचार कारणामागून येतो. ‘लघवीची गोळी’ हृदयाच्या रुग्णाला आराम देते. तीच तुंबलेल्या लसीकावाहिन्यांपुढे हतबल ठरते. शिरांच्या सुजेत पाय उंच ठेवणे, चालणे आणि दाबपट्टी उपयोगी पडतात. पण पायाच्या धमन्या अरुंद असतील तर घट्ट पट्टीच इजा करते. त्यामुळे पट्टी बांधण्याआधी पावलावरची नाडी पाहावी.

विदर्भात हा अभ्यास परतीची वाट तुंबवणाऱ्या हत्तीरोगापाशी येऊन थांबतो. कोलकात्यात टिमोथी लुईस यांना १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात त्याचे सूक्ष्म जंतू दिसले. १८७७ मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी ते डासाच्या शरीरात वाढताना पाहिले. आपल्याकडे हा प्रसार घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास करतो. जंतू रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार जाऊन रक्तनमुने घेतात. सामूहिक औषधोपचाराच्या गोळ्या रोगाचा प्रसार रोखतात. जुना सुजलेला पाय मात्र त्यांनी पूर्ववत होत नाही.

अशा पायासाठी काय करायचे? रोज साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चिरा व चिखल्यांवर मलम लावायचे, पाय उंच ठेवायचा, घोटा हलवत राहायचा. चिरांतून जिवाणू शिरले नाहीत, तर ताप आणि लाल सुजेचे झटके कमी होतात आणि पाय आणखी बिघडत नाही. बरीच वर्षे पाय झाकून बसलेल्या माणसाला यामुळे पुन्हा कामावर जाता येते.

आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाय धुवायला तांब्याभर पाणी देतात. हत्तीरोगाच्या रुग्णाची शुश्रूषा त्याच तांब्यापासून सुरू होते. विषयाच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाने अंगठ्याची तपासणी आणि हा तांब्या, हे दोन्ही बरोबर घ्यावे.