सरदाराची रेघ

मोडी लिहिणारा बोरू आपल्या ओळखीचा. हात दाबला की रेघ जाड, उचलला की बारीक. आज अशाच एका रेघेची गोष्ट.

हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅमला रेम्ब्रांट नावाचा चित्रकार होता. बरोक काळातला मोठा माणूस, पण हिशेबात कच्चा. १६३९ साली तेरा हजार गिल्डरचं घर घेतलं, पैसे थकले आणि १६५६ मध्ये दिवाळं निघालं. सरकारी माणसांनी घरातल्या सामानाची यादी केली, ३६३ नोंदी! धुवायला टाकलेले कपडेही सोडले नाहीत. यादीत बारीक चित्रांचा एक अल्बम होता. तो हिंदुस्थानातल्या चित्रांचा असावा, असं अभ्यासक मानतात. डच कंपनीची सुरतेला वखार होती, त्यामुळे इकडचा माल तिकडे जायचाच.

त्याच सुमाराला रेम्ब्रांटने मुघल दरबारातली चित्रं बघून शाईने उतरवून घेतली. त्यातली वीसहून जास्त आजही आहेत. आम्हाला वाटतं, मूळ चित्रं हातची जाणार हे दिसत होतं म्हणूनच ही धडपड.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यातलाच घोड्यावर बसलेला एक मुघल सरदार आहे. एरवी रेम्ब्रांटची लेखणी धावायची, दोन फटकाऱ्यांत हात, तीनमध्ये माणूस. इथे मात्र ती सावकाश चालते. आपल्याकडचे चित्रकार खारीच्या केसांच्या कुंचल्याने एकसारखी रेघ ओढायचे. याने ती जपानी कागदावर, तपकिरी शाईने, लेखणीने धरायचा प्रयत्न केला. पगडी, चेहरा, कपडे, सगळं नाजूक. पण सवय जाते कुठे? मध्येच रेघ जाड होते, तुटते, पुन्हा सुरू होते. आम्हाला तीच जागा आवडली. मुघल चित्रांत सहसा सावली नसते. याने पातळ शाईचा हात फिरवून सावल्या दिल्या, तेव्हा अंगाला गोलाई आली.

पुढे १६५८ मध्ये घर विकलं गेलं. १६६० च्या डिसेंबरात त्याच्यासोबत राहणारी हेंड्रिक्ये आणि मुलगा टायटस यांनी भागीदारीत चित्रांचा धंदा काढला. रेम्ब्रांट त्यांच्याकडे कामाला, राहणं-जेवण त्यांचं. सावकारांना त्याची नवी चित्रं नेता येईनात. गटाच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा बायकांनी सरदार बाजूला ठेवला आणि कराराच्या अटी दोनदा वाचायला लावल्या.