आभासी संगणकाचे प्रारंभण
संगणक सुरू झाल्यापासून परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नेल, त्याचा ताबा घेईपर्यंतच्या क्रियेस प्रारंभण म्हणतात. प्रत्यक्ष यंत्रात हे काम फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच कायम नोंदलेला कार्यक्रम, करतो. एकाच यंत्रावर हायपरव्हायजर या नियंत्रक कार्यक्रमाच्या साहाय्याने अनेक आभासी संगणक चालविले जातात, तेव्हा हे फर्मवेअरही सॉफ्टवेअरच असते. काही वेळा ते मुळीच नसते.

आयबीएमने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या पीसीत बायॉस हे फर्मवेअर होते. तबकडीवरील पहिले ५१२ बाइट स्मृतीत आणून ते त्यांच्याकडे नियंत्रण सोपवी. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी हेलसिंकी येथे १९९१ मध्ये लिनक्स लिहिला, तेव्हा त्याचा आरंभीचा १६ बिटांचा भाग स्मृती किती आहे यांसारखी माहिती बायॉसला विचारून घेई. मात्र अनेक गोष्टी न विचारताच गृहीत धरल्या होत्या. ८२५९ हा व्यत्यय-नियंत्रक आणि ८२५३ जातीचा टायमर प्रत्येक पीसीत असणारच, अशी समजूत होती. कर्नेल अन्य घड्याळांचा वेग या टायमरशी ताडून ठरवी. तो नसेल तर प्रारंभणच अडण्याचा धोका असे.

या समजुतीला पहिला मोठा धक्का झेनने दिला. केंब्रिज विद्यापीठात विकसित होऊन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या हायपरव्हायजरवरील फेरफार केलेल्या कर्नेलला बायॉस नसे. यंत्राची माहिती हायपरव्हायजरच स्मृतीतील एका पृष्ठावर लिहून देई. झेनवर चालण्याची सोय मुख्य लिनक्समध्ये २००७ साली आली. प्रत्येक नव्या मंचासाठी कर्नेलमध्ये जागोजागी अटी घालणे फार काळ परवडणारे नव्हते. २००९ अखेरच्या २.६.३२ आवृत्तीत प्रारंभणाची कामे एका कोष्टकात मांडण्यात आली. ज्या मंचास जे लागू नसेल, त्याने तेवढी नोंद बदलावी. बाहेरून न दिसणारा हा बदल या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीने २०१३ मध्ये आभासी संगणकांची दुसरी पिढी आणली. पहिल्या पिढीत बायॉस आणि जुने भाग होते. दुसरीत यूईएफआय हे नवे फर्मवेअर आले आणि जुना नियंत्रक व टायमर गेले. यावरून यूईएफआय असेल तेथे जुने भाग नसतात, असा निष्कर्ष काढणे मोहक, पण चुकीचे. क्यूईएमयूवरील आभासी पीसीत यूईएफआय असूनही ते असू शकतात. म्हणून कर्नेल नियंत्रकाच्या एका खणात ठराविक अंक लिहून तो परत वाचतो. अंक जुळला नाही, तर नियंत्रक नाही असे मानून त्याच्या जागी रिकामी कार्ये बसवितो. उलट, पहिल्या पिढीतील आभासी टायमर बंद करताना त्याचा गणक शून्य केला, तर तो पुन्हा सुरू होई आणि सेकंदाला १८.२ ठोके देत राही. हा वेग १९८१ च्या पीसीचाच! यासाठीही कर्नेलमध्ये स्वतंत्र तजवीज करावी लागली.

२०१८ मध्ये ॲमेझॉनने प्रसिद्ध केलेल्या फायरक्रॅकरमध्ये बायॉसही नाही आणि यूईएफआयही नाही. कर्नेल थेट स्मृतीत ठेवले जाते आणि स्मृतीचा नकाशा फायरक्रॅकरच भरून देतो. त्या नकाशाचे नाव मात्र ई८२० असेच आहे. हा अंक त्याच माहितीसाठी बायॉसला करावयाच्या विनंतीचा होता.