बाईंच्या मागोमाग

आधी खड्डा खणा. फावडं नाही, हातानंच. झेलम नदीच्या काठची वाळू वरून कोरडी दिसते, वीतभर खाली गेलात की ओल लागते आणि बोटं आखडतात. शेजारी सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी खणते आहे, पलीकडे तिचा थोरला भाऊ. पंजाबातली थंडी, अंगावर धड पांघरूण नाही, पाठ टेकायला कुणाची ओसरी नाही. साल १८७०च्या दशकातलं मधलंच कुठलं तरी. माणूस मावेल एवढा खड्डा झाला की त्यात आडवं व्हायचं आणि मानेपर्यंत वाळू ओढून घ्यायची. डोकं तेवढं बाहेर. निजण्याआधी ती तुमच्या ओंजळीत पाण्यात भिजवलेलं मूठभर धान्य आणि चिमूटभर मीठ ठेवते. चावायला बराच वेळ लागतो. तेही बरंच, तेवढंच जेवल्याचं समाधान.

मुलीचं नाव रमा, आडनाव डोंगरे. आईनं शिकवलेलं संस्कृत आणि भागवत तिला मुखोद्गत आहे. झोप लागत नाही म्हणून ती बोलत राहते. दुष्काळात घरचं सगळं विकून झालं. दानधर्म झाला, तीर्थं झाली, अनुष्ठानं झाली. मग जंगलात अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील अनंतशास्त्री जलसमाधी घ्यायला निघाले, तेव्हा भाऊ म्हणाला, मी मोलमजुरी करतो, पण हे नको. वडील त्या दुष्काळातच गेले. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा रमा शेजारणीच्या दारात भाकरी मागायला गेली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. शेजारणीनं न मागताच बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो आईला गिळता आला नाही. हे सांगताना ती रडत नाही. तिचा हिशेब झालेला आहे: सांगितलं ते सगळं केलं, आणि कुणी धावून आलं नाही.

या मुलीचं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असतं. पण श्रद्धेविषयी ऐकायला आलेला माणूस आधी या खड्ड्यात निजून गेलेला बरा. पंडिता रमाबाईंची गोष्ट श्रद्धेपासून सुरू होत नाही, श्रद्धा पार आटून गेल्यापासून सुरू होते.

मधली वर्षं भरभर ओलांडू. १८७८ला कलकत्ता; तिथल्या पंडितांनी बहाल केलेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास जातो. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं विवाह, पुढच्या वर्षी मुलगी मनोरमा, आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा जातो. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांचं लेकरू.

थांबायचं ते इंग्लंडातल्या वाँटिज गावी. तिथं ख्रिस्ती भगिनींचा मठ आहे. १८८३ची पानगळ, ओला दगडी रस्ता, आणि घरात एक नुकतंच घडलेलं मरण: बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी जीव दिला आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, रमाबाई मनोरमेसह बाप्तिस्मा घेतात. तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. पुण्यात यावर काय काय बोललं जाईल ते तुम्हाला आधीच ऐकू येतं आहे: बाटली, मोहात पडली, पोटासाठी गेली. मोहात पडलेली बाई पुढं दोन वर्षं भगिनींशी आणि बिशपांशी पत्रांतून अशी भांडली नसती. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी शंका काढते, मांसाहार नाकारते, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये म्हणणाऱ्या बिशपांना खडसावून विचारते. तिचं म्हणणं असं की, एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून काढलं, ते दुसऱ्याच्या हातून पुन्हा मानेवर घेण्यासाठी नव्हे. आज्ञाधारकपणालाच श्रद्धा समजणारे लोक दोन्ही धर्मांत होते. त्या सगळ्यांची या बाईनं सारखीच निराशा केली. त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलं आहे की, बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली तरी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो सापडला १८९१च्या सुमारास, भारतात, कामाच्या रगाड्यात.

आता पुणे, १८९३. शारदासदनाचा बंगला, सकाळची वेळ. मुंबईत ११ मार्च १८८९ला सुरू झालेली ही विधवांची शाळा पुण्याला येऊन तीनेक वर्षं झाली आहेत. बाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसल्या आहेत आणि खोलीचं दार उघडं आहे. सारं रामायण या उघड्या दारावरून घडतं. दारातून दोन-चार मुली आत येऊन बसतात. कुणी बोलावलेलं नाही, कुणी हाकलतही नाही. बाई म्हणतात, तुमच्या देवपूजेला मी आडकाठी करत नाही, मग माझी प्रार्थना मी दार लावून का करू? न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडतात, 'केसरी' तुटून पडतो, वीस-पंचवीस मुलींना घरचे येऊन घेऊन जातात. फाटकाशी टांगे उभे राहतात. एक मुलगी पाटी छातीशी धरून टांग्यात चढते. ती पाटी उतरवून ठेवायला लागते, कारण ती शाळेची.

पालकांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. ही शाळा कुणाचा धर्म बदलणार नाही या बोलीवर त्यांनी मुली पाठवल्या होत्या, आणि उघडं दार हेही एक बोलावणंच असतं. बाईंचं मात्र दार लावल्यानं काही अडलं नसतं. दार लावलं असतं तर माणसं राहिली असती, पैसा राहिला असता, पुण्याची माया राहिली असती. नाही लावलं. त्या दिवशी त्या कशा दिसतात ते जवळून पाहा: आखूड कापलेले केस, पांढरं लुगडं, घारे-करडे डोळे. ऐकू कमी येतं म्हणून तुमच्या ओठांकडे बघत उभ्या असतात. सांत्वनाचे दोन शब्द बोलायचे म्हटले तर तुम्हाला ते ओरडून बोलावे लागतील, आणि ओरडून केलेलं सांत्वन दोघांनाही लाजवतं. तेव्हा गप्प राहा.

१८९७ उजाडतं. मध्य प्रांतात दुष्काळ आहे. बाई तिकडं जाऊन आल्या आहेत, सरकारी अन्नछत्रं बघून आल्या आहेत, तिथं एकट्या पडलेल्या पोरींवर कुणाकुणाचे डोळे आहेत तेही पाहून आल्या आहेत. आपण काही करू शकणार नाही, हे आपल्या आवाक्यातलं नाही, असं त्यांना आधी वाटलं होतं. मग झेलमकाठची वाळू आठवली. आणलेल्या मुलींची संख्या काही शेकड्यांत जाते. आणि नेमकी त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ. शहरात या मुली ठेवायला परवानगी नाही. बाईंनी दौंडच्या वाटेवर केडगावला शंभरेक एकर माळ घेऊन ठेवला होता तो फळबागेसाठी. शारदासदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची होती. ती संपल्यावर बागेवर शाळा चालवायची, असा साधा व्यवहारी बेत. प्रार्थना करणारी माणसं हिशेब करत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा माळ बघावा.

तुम्ही त्या माळावर तंबू ठोकायला लागता. जमीन अशी कडक की खुंटी आत जात नाही. मुली बैलगाड्यांतून उतरतात. डोकी भादरलेली, पोटं पुढं आलेली, हिरड्यांतून रक्त. त्यांना बसवायचं, अंघोळ घालायची, पेज द्यायची. पेज थोडी थोडीच द्यायची; उपाशी पोटाला एकदम जेवण दिलं तर माणूस जेवताना मरतो. पहिल्या आठवड्यात तुमच्याकडं एकच काम: निजलेल्या मुलींच्या उशाखालच्या भाकऱ्या काढणं. शिळ्या झालेल्या, बुरशी धरलेल्या. आठ वर्षांची एक पोरगी मनगट धरते, सोडत नाही. उद्याही जेवण असतं यावर तिचा विश्वास बसायला किती दिवस लागावेत? बाईंना तुम्ही हे सांगता. बाई ओठ वाचतात आणि म्हणतात, भाकरी काढा, पण तिच्यादेखत दुसरी ताजी ठेवा.

मला विचाराल तर त्या काळात केडगावात दिलेल्या साऱ्या प्रवचनांपेक्षा ही ताजी भाकरी मला जास्त पटते.

आणलेल्या सगळ्या मुली जगत नाहीत. हे सांगणं भाग आहे, कारण अशा संस्थांच्या गोष्टींत नेहमी वाचलेल्यांचीच संख्या येते. माळाच्या कडेला पुरणंही चालू असतं. याच वर्षी बाई मुंबईच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळाच्या कारभारावर उघड आरोप करतात, आणि गव्हर्नर ते झटकून टाकतात. ज्यांच्या धर्मात गेली त्यांच्याच राज्यावर उलटली, अशी कुजबुज गोऱ्या वर्तुळातही झाली असेल. पुण्यातल्यांना ती परकी वाटते, गोऱ्यांना हट्टी.

१९०० साली गुजरातेतला दुष्काळ येतो, लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. केडगावच्या माळावर उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनातली माणसं दीड-दोन हजारांच्या घरात जातात. आता तंबू नाहीत, चाळी आहेत. घाणा आहे, माग आहेत, गाईंचा गोठा आहे, आंधळ्या बायकांना ब्रेल शिकवणारा वर्ग आहे. विहिरी मात्र तळ दाखवतात. मोटेचा बैल चालून चालून थबकतो, मोट वर येते ती निम्मी गाळानं भरलेली. पहाटे चारला घंटा होते आणि अंधारात प्रार्थना सुरू होते, शेकडो बायकांचे आवाज एकाच वेळी, कुणाचं वाक्य कुणाच्या वाक्यात मिसळलेलं. ती संपली की त्याच बायका पहारी घेऊन नव्या विहिरीवर जातात. पाणी प्रार्थनेनं आलं की पहारीनं, हा वाद तिथं कुणी घालत नाही. वाद घालायला ज्यांना वेळ आहे ते केडगावात टिकत नाहीत. तुम्हीही पहार उचलता.

आता वीस वर्षं पुढं. १९२१. छापखान्यात या; बाहेर ऊन आहे आणि आत शिशाचा, शाईचा वास. उभ्या केसेसपुढं बायका ओळीनं उभ्या आहेत, खिळे जुळवत आहेत. अक्षरं उलटी वाचायची त्यांना इतकी सवय आहे की सुलटं पान त्या जरा थांबून वाचतात. यांतल्या काही जणी दुष्काळातल्या. उशाखाली भाकरी ठेवणाऱ्या मुली मोठ्या झाल्या असतील तर अशाच दिसत असतील. छापलं जातं आहे ते मराठी बायबल. बाई साठी उलटलेल्या आहेत. पन्नाशीकडं झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हे भाषांतर हाती घेतलं, साध्या बाईमाणसाला वाचता यावं म्हणून. वर्षानुवर्षं ते चाललं आहे.

कारभार मनोरमा बघते. इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली, आईचा उजवा हात, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढणारी. आपल्यामागं ती आहे, ही बाईंची माणसांतली एकमेव आशा. २४ जुलैला मनोरमा जाते. वय चाळीस.

केडगावात त्या दिवशी असणं कठीण आहे. तुम्ही वाट पाहता की आता तरी बाई काही विचारतील. आई, वडील, भाऊ, नवरा, आणि आता ही. झेलमच्या काठी तिनं देवांचा हिशेब केला होता, तोच हिशेब आता करायला पूर्ण आधार आहे. त्या काय बोलल्या, मनातून काय गेलं, यावर मी काही रचून सांगणार नाही. दिसतं ते एवढंच की दुसऱ्या दिवशीच्या मुद्रितांचं काम थांबलं तर नाहीच, उलट त्यांच्या खोलीतला दिवा जास्त वेळ जळायला लागला. तुम्ही मुद्रितं पोचवायला जाता. समोर उभे राहता, म्हणजे ओठ दिसतील. त्या कागद घेतात, एका ओळीवर बोट ठेवतात, चूक दाखवतात आणि पान परत देतात: पुन्हा जुळवा.

आशा म्हणजे मन प्रसन्न असणं, असं कुणी म्हटलं तर मला हे पान आठवतं. बाई त्या दिवसांत प्रसन्न नसणार. त्यांची आशा मनात राहत नव्हतीच. ती कामाच्या ठिकाणी होती, आणि म्हणून मन मोडलं तरी ती मोडली नाही. श्रद्धेनं दुःख हलकं होतं, असं सांगणाऱ्यांनी रमाबाईंचं उदाहरण देऊ नये. इथं दुःखाचं वजन तसूभरही कमी झालेलं दिसत नाही.

शेवटच्या रात्रीपर्यंत त्या मुद्रितं तपासत होत्या, अशी आठवण मुक्ती सदनात सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, मनोरमेनंतर नऊ महिनेही झाले नव्हते. संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर पडलं. मूळ भाषांवरून, एका बाईच्या हातचं, आणि बायकांनीच खिळे जुळवून छापलेलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला अजून नीट जागा मिळालेली नाही. ख्रिस्ती मंडळी ते ख्रिस्ती म्हणून वाचतात, बाकीचे ख्रिस्ती म्हणून वाचत नाहीत. दोन्ही कारणं बाजूला ठेवून एकदा ते मराठी पुस्तक म्हणून उघडून बघा.