दवाखान्याची वाट

मेढ्याहून एक रस्ता साताऱ्याला जातो, दुसरा केळघरमार्गे महाबळेश्वरकडे चढतो, तर तिसरा कुडाळ, पाचवडवरून वाई गाठतो. शंभर वर्षांपूर्वी जावळीतल्या अवघड दुखण्याच्या माणसाला डोलीत घालून अशाच वाटांनी न्यावे लागे. औषध फुकट मिळाले, तरी वाटखर्च आणि बरोबरच्या चौघांची बुडालेली मजुरी कोण देणार? स्वस्त उपचारांचा इतिहास पाहताना हा हिशेब विसरून चालत नाही.

वाईला अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय होते. डॉ. लेस्टर आणि डॉ. रोज बील्स या दांपत्याने तेथे सेवा केली. याहून मोठे काम मिरजेत उभे राहिले. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. पुण्याहून बेळगावकडे जाणारी रेल्वे तोवर मिरजेवरून धावू लागली होती. त्यामुळे मोतीबिंदूचे, पोटाच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण दूरदूरच्या गावांतून येऊ लागले. ऐपतदारांकडून फी घ्यायची आणि तिच्या आधाराने गरिबांवर उपचार करायचे, अशी तिथली रीत होती.

मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे लपवण्याचे कारण नाही. लोकांना त्याची शंका येई. तरीही दुखणे घेऊन येणाऱ्यांची रीघ थांबली नाही. वानलेस यांनी दूरदृष्टीने १८९७ साली मिरजेतच वैद्यकीय शिक्षणाची सोय केली. परदेशी डॉक्टर किती येणार? इथलीच मुले तयार व्हायला हवीत, हा त्यामागचा रोकडा विचार. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते.

पण मिरज कितीही मोठी झाली, तरी रुग्णाला तिथवर जावेच लागे. ही उणीव पुढे चर्चच्या लोकांनाच जाणवली. जागतिक चर्च परिषदेने १९६८ साली जिनिव्हात ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला. चर्चचा बहुतेक पैसा आणि माणसे रुग्णालयांतच गुंततात, खेडी मात्र बाहेर राहतात, हे त्या विचारमंथनातून पुढे आले होते.

याचे उत्तर महाराष्ट्रातच घडले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि कित्येकदा दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. बाळंतपण, लसीकरण, स्वच्छ पाणी, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी, ही कामे त्या घरोघरी करू लागल्या. १९७८ साली अल्मा आटा येथे जगातील सरकारांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय स्वीकारले. त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडची दखल घेतली होती. पुढच्याच वर्षी या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातल्या ‘आशा’ याच विचाराच्या वाटेवर चालताना दिसतात. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेसारखे रुग्णालय लागतेच. पण तापाने फणफणलेल्या लेकरासाठी आईला डोंगर उतरावा लागत असेल, तर त्या उपचाराला स्वस्त म्हणता येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)