नळाला लागलेली उचकी

मंडळी, हिंगोलीहून समुद्र कितीतरी लांब. मग इथं समुद्रातल्या तेलाच्या नळांची गोष्ट कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण कयाधूच्या किंवा पूर्णेच्या काठावरून ज्यांनी शेतापर्यंत पाइपलाइन आणली, त्यांना अर्धी गोष्ट आधीच ठाऊक आहे. लाइट येते, मोटर चालू होते, आणि धार लागायच्या ऐवजी पाइप फुरफुरतो, थांबतो, मग एकदम लोंढा फेकतो. आपण म्हणतो, पाइपानं हवा धरली. उंचवट्यावरच्या एअर व्हॉल्व्हमधून ती सोडून दिली की काम भागतं.

समुद्रात ती सोय नाही. तिथं नळातला वायू हाही मालच असतो.

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'नं मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९७८ पासून तेल-वायू समुद्रतळावरच्या नळांतून उरणला येऊ लागले. तिकडं विहिरींच्या छोट्या प्लॅटफॉर्मवरून मोठ्या प्लॅटफॉर्मकडे जाणाऱ्या नळांत तेल, पाणी आणि वायू एकत्रच वाहतात. नळ तळावरून येतो आणि प्लॅटफॉर्मपाशी सरळ वर चढतो. या उभ्या भागाला रायझर म्हणतात.

दुखणं होतं ते खालच्या वळणाशी. प्रवाह मंद असला की तिथं तेल-पाणी साचतं आणि वायूची वाट अडते. वर द्रवाचा खांब चढत जातो, मागं वायूचा दाब वाढत जातो. शेवटी वायू वळणात शिरतो, खांब हलका होतो, आणि सगळा द्रव एका दमात वर फेकला जातो. त्यामागून वायूचा झोत येतो. दाब उतरतो, उरलेला द्रव खाली घसरतो, की पुन्हा पहिले पाढे. या गोळ्याला स्लग म्हणतात. अशा लोंढ्यानं तेल-वायू वेगळं करणारी टाकी तुडुंब भरते, यंत्रं आपोआप बंद पडतात, वायू जाळून टाकावा लागतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे येणारा गोळा झेलायला भलं मोठं पात्र ठेवणं. उरणच्या प्रकल्पात असे स्लग कॅचर आहेत. पण समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर तेवढी जागा कुठली? १९७३ मध्ये योकम यांनी रायझरमधल्या या दुखण्याचं वर्णन केलं आणि वरचा व्हॉल्व्ह आवळून ते थांबतं हेही दाखवलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा विद्यापीठातल्या श्मिट आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, की बेतानं आवळलं तर उत्पादन फारसं घटत नाही. हा बेत साधणंच अवघड.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून आम्हाला पुढचा टप्पा फार मोलाचा वाटतो. १९८६ मध्ये ताइतेल यांनी या प्रवाहाच्या स्थैर्याचं गणित मांडलं. संथ वाहणं त्या नळाला अशक्य नसतं, फक्त ती स्थिती आपली आपण टिकत नाही. डोंबाऱ्याची पोर दोरीवर उभी राहते तशी ती असते. तोल आहे, पण क्षणोक्षणी सावरला तरच. मग १९९० च्या दशकात उत्तर समुद्रात डनबारच्या नळावर आणि पुढं नॉर्वेच्या हॉड–वालहाल नळावर दाब सतत मोजून व्हॉल्व्ह जरा उघडायचा, जरा मिटायचा, असं स्वयंचलित नियंत्रण बसवलं गेलं. नळ बदलला नाही, टाकी वाढवली नाही, आणि प्रवाह संथ झाला. शिवाय व्हॉल्व्ह सरासरीनं अधिक उघडा ठेवता आला.

यात आपलं काय? २०२४ मध्ये मुंबई हायच्या शोधाला ५० वर्षं झाली. क्षेत्र म्हातारं झालं की दाब उतरतो, पाणी वाढतं, प्रवाह मंदावतो, आणि उचकी अशाच नळांना लागते. व्हॉल्व्ह कायमचा आवळून ठेवला, तर तो दाब मागं विहिरीवर पडतो. दमलेली विहीर मग वेळेआधीच बंद पडते, आणि तिच्यातलं तेल जमिनीतच राहतं. देशाला तेल बाहेरून विकत घ्यावं लागत असताना हे परवडणारं नाही.

असो. उद्या मोटर चालू केल्यावर पाइप फुरफुरला, तर व्हॉल्व्हकडे धावण्याआधी मिनिटभर नुसतं ऐका. किती वेळानं थांबतो, किती वेळानं फेकतो, ते मोजा. समुद्रातल्या त्या मंडळींनीही सुरुवात तिथूनच केली होती.