यमुनाकाठची मराठी इतिहासस्थळे
राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील यमुनाकाठाचा मराठ्यांच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. दिल्लीच्या उत्तरेस बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे यांना वीरमरण आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. त्यामुळे कुंजपुरा जिंकलेल्या सदाशिवरावभाऊंच्या सैन्याचा दिल्लीशी संपर्क तुटला. रसद आटल्याने उपासमार झालेले हे सैन्य १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत येथे पराभूत झाले. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरील या शहराबाहेर ‘काला आंब’ येथे युद्धस्मारक आहे. बुराडी, बागपत, पानिपत या क्रमाने प्रवास केल्यास नदीच्या एका उताराने युद्धाची दिशा कशी बदलली, हे लक्षात येते.