डॉक्टर सॉक्रेटिस आणि डब्लिनची गोष्ट: संदर्भ मुळापर्यंत का न्यायचा?

कोर्सवर्कच्या पहिल्याच सेमिनारमध्ये मी एक आकडा अगदी ठासून सांगितला होता. पाच पेपरांमध्ये तोच आकडा होता, त्यामुळे मी निर्धास्त. सरांनी एवढंच विचारलं, "मूळ पेपर वाचलास का?" वाचला नव्हता. संध्याकाळी शोधून काढला तेव्हा कळलं की पाचही जणांनी एकाच पेपरवरून तो आकडा उचलला होता आणि मूळ पेपरात त्याचं एककच वेगळं होतं. म्हणजे माझ्याकडे पाच पुरावे नव्हतेच. एकच होता, आणि तोही चुकीचा उतरवलेला.

आज हाच मुद्दा इतिहासातल्या एका उदाहरणावरून पाहू. माणूस आहे ब्राझीलचा मिडफिल्डर सॉक्रेटिस. खाली दोन विधानं दिली आहेत. यातलं खरं कुठलं ते आधी स्वतःशी ठरवा आणि मगच पुढे वाचा.

पहिलं: १९७०च्या दशकात सॉक्रेटिस डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॉक्टरकी शिकला आणि तिथल्या संघाकडून खेळला.

दुसरं: वयाच्या पन्नाशीत, नोव्हेंबर २००४ मध्ये, तो इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या गारफर्थ टाउन नावाच्या छोट्याशा क्लबकडून बदली खेळाडू म्हणून बारा मिनिटं मैदानात उतरला.

बहुतेकांना पहिलं पटतं आणि दुसरं थाप वाटतं. खरी परिस्थिती उलटी आहे. दुसरं घडलेलं आहे. पहिलं घडलेलं नाही, पण फुटबॉलच्या गप्पांमध्ये आणि छापील मजकुरातही ते वर्षानुवर्षं फिरत राहिलं.

ते टिकलं कसं? त्याचे सुटे भाग तपासा. सॉक्रेटिस डॉक्टर होता, हे खरं. डब्लिनला ते विद्यापीठ आहे, हेही खरं. त्या विद्यापीठाचा फुटबॉल क्लब आहे, हेसुद्धा खरं. तुकडे सगळे खरे, फक्त त्यांची जोडणी खोटी. लिटरेचर रिव्ह्यू करताना अशीच वाक्यं आपल्याला फसवतात, कारण एकेक भाग तपासला की प्रत्येक भाग पास होतो.

अशा वेळी सर्वात साधं हत्यार म्हणजे तारखांचा तक्ता. सॉक्रेटिसचा मांडून पाहू.

जन्म १९ फेब्रुवारी १९५४, उत्तर ब्राझीलमधल्या बेलेम शहरात. वडिलांना ग्रीक तत्त्वज्ञांचं वेड, म्हणून मुलाचं हे नाव. पुढे कुटुंब साओ पावलो राज्यातल्या रिबेराव प्रेतो इथे आलं. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वडिलांनी भीतीपोटी आपली काही पुस्तकं जाळून टाकली, ही आठवण तो नंतर सांगत असे. १९७४ ते १९७८ या काळात तो रिबेराव प्रेतोच्या बोताफोगो क्लबकडून खेळत होता आणि त्याच शहरातल्या साओ पावलो विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. १९७७ मध्ये पदवी, १९७८ मध्ये कोरिंथियन्स या मोठ्या क्लबकडे. आता या तक्त्यात डब्लिनमधली काही वर्षं कुठे बसवणार? जागाच नाही!

जाता जाता आणखी एक खड्डा दाखवतो. बोताफोगो नावाचा जास्त प्रसिद्ध क्लब रिओ द जानेरोमध्ये आहे. सॉक्रेटिस त्या क्लबकडून कधी खेळला नाही. नाव सारखं दिसलं की शहर तपासायचं. आपल्या विषयात लेखकांच्या, प्रजातींच्या, संयुगांच्या नावांबाबत हेच होतं.

आता जरा अवघड पायरी. इथपर्यंत "घडलं की नाही" एवढंच पाहिलं. "कशामुळे घडलं" हा प्रश्न याहून फसवा असतो.

१९८२च्या सुमाराला कोरिंथियन्समध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. समाजशास्त्र शिकलेले आदिल्सन मोंतेइरो आल्वेस फुटबॉल विभागाचे संचालक झाले. सॉक्रेटिस, व्लादिमिर, कासाग्रांदे या खेळाडूंच्या साथीनं त्यांनी क्लबचे निर्णय मतदानानं घ्यायला सुरुवात केली. सराव किती वाजता, नवा खेळाडू कोण घ्यायचा, सामन्याआधी सगळ्यांना हॉटेलात कोंडून ठेवायचं की नाही, अशा गोष्टींवर मतं पडत. स्टार खेळाडू असो की किट सांभाळणारा, मत एकच. देशात लष्करी राजवट असताना हे चाललं होतं. १५ नोव्हेंबर १९८२च्या निवडणुकीआधी तर या संघाच्या शर्टांवर त्या तारखेला मतदान करण्याचं आवाहन छापलेलं होतं.

याच काळात, १९८२ आणि १९८३ मध्ये, कोरिंथियन्सनं साओ पावलोची राज्य स्पर्धा जिंकली. लगेच निष्कर्ष तयार: मतदानामुळे संघ जिंकला. पण थांबा. सॉक्रेटिस असलेल्या याच क्लबनं १९७९ मध्येही ती स्पर्धा जिंकली होती, तेव्हा मतदान नव्हतं. शिवाय आपल्याकडे कंट्रोल नाही, नमुना दोन वर्षांचा. मतदानाचा उपयोग झाला असेलही, पण एवढ्या पुराव्यावर "मुळे" हा प्रत्यय लावता येत नाही. "या काळात" एवढंच लिहायचं.

"या संघानं हुकूमशाही पाडली" हे वाक्यही असंच फिरतं. ते आकड्यांवर घासून पाहू. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीसाठी देशभर मोठं आंदोलन झालं. साओ पावलोच्या प्रचंड सभेत सॉक्रेटिसनं जाहीर केलं की घटनादुरुस्ती मंजूर झाली तर तो इटलीला जाणार नाही. २५ एप्रिलला कनिष्ठ सभागृहात मतदान झालं. बाजूनं २९८, विरोधात ६५, तटस्थ ३, गैरहजर ११३. बेरीज ४७९. दोन तृतीयांश म्हणजे ३२० हवी होती. २२ मतं कमी पडली. बाजूच्या मतांपुढे विरोधाची मतं चिमूटभर, तरीही दुरुस्ती पडली, ती सभागृहात न आलेल्या ११३ जणांमुळे. सॉक्रेटिस शब्दाला जागला आणि फिओरेंतिनाकडून खेळायला इटलीला गेला. एक हंगाम खेळून परतला. लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली, पण तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष अप्रत्यक्ष निवडणुकीनं ठरला. थेट निवडणूक व्हायला १९८९ उजाडलं.

म्हणजे त्या खेळाडूंचं योगदान शून्य का? अजिबात नाही. लाखो लोक ज्यांना दर आठवड्याला बघत होते, त्यांनी मत देणं ही रोजची, साधी गोष्ट करून दाखवली. हे सिद्ध करता येतं. "हुकूमशाही पाडली" हे करता येत नाही.

मैदानावरची त्याची गोष्टही अशी अर्धवट यशाची आहे. १९८२च्या विश्वचषकात तो ब्राझीलचा कर्णधार होता. इटलीविरुद्ध त्यानं बरोबरीचा गोल केला, पण सामना ३-२ असा गेला. निवृत्तीनंतर तो रिबेराव प्रेतोला परतला, वैद्यकी केली, स्तंभ लिहिले. दारूनं शरीर पोखरलं होतं. ४ डिसेंबर २०११ रोजी, ५७व्या वर्षी तो गेला. त्याच दिवशी कोरिंथियन्सनं राष्ट्रीय लीग जिंकली. सामन्याआधी खेळाडूंनी मैदानाच्या मध्यात उभं राहून त्याच्यासारखी मूठ उंचावली होती.

मला वाटतं, हा खरा सॉक्रेटिस डब्लिनच्या गोष्टीतल्या सॉक्रेटिसपेक्षा कितीतरी मोठा आहे.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात आवडतं, सगळ्यात जास्त वेळा दिलं जाणारं एक विधान निवडा आणि मूळ पेपरपर्यंत जा. वाटेत किती जणांनी तो मूळ पेपर खरंच उघडला असावा, ते मोजा. मी सेमिनारनंतर मोजलं, आणि त्या यादीत माझंही नाव नव्हतं.